खुर्चीपासून सुरुवात: १९६६ च्या एमजीबी जीटीची रॅलीसाठी तयारी

जुनी स्पोर्ट्‌स कार रॅलीला न्यायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला हात बोनेटला जातो. एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची साठच्या दशकातली स्पोर्ट्‌स कार, तयार करताना आम्ही हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला. खुर्च्या, गालिचा, अस्तर हे सगळं बसतं शेवटी, पण त्याबद्दलचे निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्यावे लागतात. खुर्ची ठरली की तळाच्या पत्र्याला भोकं कुठे पडणार ते कळतं. सीट बेल्टचा पट्टा ठरला की रोल बारला, म्हणजे गाडी उलटली तर डोकी वाचवणाऱ्या पोलादी कमानीला, आडवा दांडा हवा की नको ते कळतं. गालिचा चिकटवायचा की बटणांवर बसवायचा, यावर वायरी कुठून न्यायच्या ते अवलंबून असतं. हे आधी ठरवलं नाही, तर रंग देऊन झालेल्या तळाला पुन्हा ड्रिल लावायची वेळ येते.

रॅली म्हणजे इथे ब्रिटनमधली रेग्युलॅरिटी रॅली. रस्ते सार्वजनिक, सरासरी ताशी ३० मैलांच्या आत, आणि ठरलेल्या वेळेच्या मागे-पुढे गेलात तर सेकंदागणिक दंड. या प्रकारात अश्वशक्ती वाढवून काहीच हाती लागत नाही. हिवाळ्यात, रात्री, पावसात, अरुंद गावरस्त्यांवर दहा-बारा तास गाडीने कुरकुर न करता चालायचं आणि आतल्या दोघांनी थकायचं नाही, एवढंच मागणं असतं. म्हणून उघड्या रोडस्टरऐवजी छप्पर असलेली जीटी घेतली. ती जड असते, पण कोरडी राहते आणि नकाशा उडत नाही. एमजीबीला रॅलीचा वारसाही आहे: १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत मॉर्ली बंधूंनी एमजीबीवर जीटी गट जिंकला आणि १९६६ मध्ये जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकवरची ८४ तासांची 'मॅराथॉन द ला रूट' शर्यत एमजीबीनेच मारली.

आतलं सगळं बाहेर काढायला दोन माणसांना एक दिवस पुरतो. खुर्च्या, गालिचा, दारांची आतली पॅनेल, हीटरचे पाइप. मग गाडीची खरी तब्येत कळते. एमजीबीत गंज तीन जागी आधी शोधायचा: तळाचा पत्रा जिथे सिलला, म्हणजे दाराखालच्या उंबऱ्याला, मिळतो ती कड, खुर्चीचे बोल्ट जिथे जातात तो आडवा पट्टा, आणि पुढच्या खुर्च्यांच्या मागे तळाच्या झाकणाखाली असलेल्या बॅटऱ्यांच्या पेट्या. मूळ गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. सांडलेल्या आम्लाने पेटीचा तळ चाळणी झालेला असतो आणि वरून गालिचा असल्याने तो वर्षानुवर्षं कुणी पाहिलेला नसतो. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायचा. रंगावर भरवसा ठेवायचा नाही.

मूळ खुर्चीच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. ओल्या गालिच्याखाली त्या कुजतात, बोल्ट ढिले होतात आणि खुर्ची किंचित डुलायला लागते. खड्ड्यात येणारा आवाज सस्पेन्शनचा वाटतो आणि माणूस नको तिथे पैसे घालतो. आम्ही लाकडाच्या जागी त्याच उंचीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या.

आता मुख्य प्रश्न: मूळ खुर्ची ठेवायची की बाजू उंच असलेली, अंगाला धरून ठेवणारी बकेट सीट? मूळ खुर्ची दिसायला छान, पण तिला बाजूचा आधार जवळजवळ नाही आणि पाठ खांद्यापर्यंतही पोचत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर चालकाला स्टिअरिंग धरायला तरी मिळतं. शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणाऱ्या नॅव्हिगेटरच्या मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल. तो दाराकडे आणि बोगद्याकडे (दोन खुर्च्यांमधला, गिअरबॉक्सवरचा उंचवटा) आळीपाळीने फेकला जातो. म्हणून दोन्हीकडे साठच्या दशकातल्या घाटाच्या, डोक्यामागे आधार असलेल्या बकेट सीट घेतल्या. घेताना मोजायची गोष्ट म्हणजे रुंदी. एमजीबीत दार आणि बोगदा यांच्यातली जागा तुटपुंजी आहे. बाजूच्या उंचवट्यामुळे पट्ट्याचं बक्कल दिसेनासं होतं किंवा दाराचं हँडल मांडीला लागतं. खुर्ची गाडीत ठेवून, दार बंद करून, पट्टा लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रत्येक खुर्ची चार ठिकाणी, एम८ जाडीच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टने. पत्र्याखाली ३ मिमी जाड पोलादी प्लेट, प्रत्येक बोल्टमागे किमान ४० चौरस सेंटिमीटर. नुसता वायसर लावून काम भागवलं, तर टकरीच्या वेळी तो पातळ पत्र्यातून बटणासारखा ओढला जातो. मागच्या रोल बारच्या मुख्य कमानीच्या पायाला १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. डोकं लागेल त्या प्रत्येक नळीवर कडक फोमचं आवरण. घरगुती पाइपवर चढवतात तो मऊ फोम इथे चालत नाही, तो आघातात चपटा होतो आणि डोकं लोखंडालाच लागतं.

पट्ट्यांबाबत मत स्पष्ट आहे. रेसिंगचा चार टोकांचा हार्नेस फोटोत रुबाबदार दिसतो, पण रेग्युलॅरिटीत चालकाला तिरकस चौकात पुढे वाकून बघावं लागतं आणि नॅव्हिगेटरला वेळ नोंदवणाऱ्या नियंत्रण चौकीवर खिडकीतून कार्ड द्यावं लागतं. तीन टोकांचा, आपोआप गुंडाळणारा पट्टा इथे जास्त उपयोगाचा. हार्नेस घालायचाच असेल तर खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरता कामा नयेत, नाहीतर धक्क्यात ते मणक्यालाच खाली दाबतात. त्यासाठी रोल बारला आडवा दांडा लागतो. हेच ते आधी ठरवायचं प्रकरण.

कापड निवडताना चार नमुने टेबलावर होते. चामडं: मूळ एमजीबीच्या खुर्च्यांचा पुढचा भाग चामड्याचाच असे, वास आणि रूप याला तोड नाही. पण थंडीत ते बर्फासारखं लागतं, ओल्या कपड्यांनी बसलं की डाग धरतं, आणि वळणावर माणूस त्यावरून घसरतो. रेक्झिन: पुसायला सोपं, स्वस्त, शिवायला सोपं; पण चार तासांनी पाठ घामाने चिकटते. मखमली सिंथेटिक स्वेड: पकड उत्तम, पण चिखल लागला की तो तंतूंत शिरतो आणि सहा महिन्यांत बसायची जागा गुळगुळीत, काळपट होते. चौथा नमुना साध्या कॉर्डरॉयचा. शेवटी बसायचा आणि पाठीचा मधला भाग कॉर्डरॉयचा, आणि बाजूचे उंचवटे, मागची बाजू, कडा रेक्झिनच्या, असं ठरलं. चढता-उतरता घासणारी जागा उंचवट्याची असते, तिथे कापड टिकत नाही; घाम शोषायचा असतो मधल्या भागाला, तिथे रेक्झिन चालत नाही. कॉर्डरॉयच्या रेघा उभ्या ठेवायच्या. म्हणजे वळणावर पकड मिळते आणि पुढे-मागे सरकताना अडत नाही.

नमुन्याची एक पट्टी कापून घराबाहेर आडवी धरायची आणि कडेला काडी लावायची. काडी दूर केल्यावर विझलं तर ठीक. वितळलेले थेंब पेटते पडत असतील तर ते कापड कितीही सुंदर असो, गाडीत नको. विकणाऱ्याकडे आयएसओ ३७९५ चा दाखला मागायचा; त्यात जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिमीच्या आत आहे का ते बघायचं. काडीची परीक्षा त्या दाखल्याच्या बदली नव्हे, जोडीला.

दोन खुर्च्यांना १४० सेंमी पन्ह्याचं कॉर्डरॉय दीड मीटर आणि रेक्झिन अडीच मीटर लागलं. कॉर्डरॉय कापताना सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवायचे. एक तुकडा उलटा गेला तर त्याचा रंग उजेडात वेगळा दिसतो आणि तो दोष मग रोज डोळ्यांत सलतो. मधल्या भागाच्या मागे १० मिमी जाडीचा, जाळीदार अस्तर असलेला फोम. धागा बाँडेड पॉलिएस्टरचा, सुती नाही, कारण ओलाव्याने सुती धागा दोन हिवाळ्यांत कुजतो. सुई ११० नंबरची, टाका ४ मिमीचा. टाके बारीक घातले की मजबूत होतील असं वाटतं. रेक्झिनवर ते उलटं पडतं. जवळजवळच्या भोकांमुळे तिथे तिकिटाच्या कडेसारखी फाटायची रेघ तयार होते.

बसायचा फोम ६० मिमी, कडक. जीटीचं छत खाली आहे. मऊ आणि जाड फोम दुकानात बसून बघताना सुखाचा वाटतो. गाडीत मात्र डोकं अस्तराला लागतं आणि तासाभरात तो बुडापर्यंत दबतो. कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची, कापड सरकत बसतं. मग पिशवी ओढून काढायची. आत ठेवली तर बसल्यावर चुरचुर आवाज येतो आणि घाम कोंडतो. सुरकुत्या राहिल्याच तर लांबून वाफ द्यायची. हीट गनने रेक्झिन चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

खुर्च्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि वायरिंगकडे वळलो. १९६६ च्या गाडीत लुकासचा सी-४० डायनॅमो असतो, जास्तीत जास्त २२ अँपिअर देणारा. रात्रीच्या पावसात लागतं किती? हेडलाइट १२० वॉट, दोन जादा दिवे ११० वॉट, मागचे आणि डॅशबोर्डचे मिळून ३०, इग्निशन ५०, वायपर ३६, हीटरचा पंखा ६०. बेरीज ४०६ वॉट, म्हणजे साधारण ३० अँपिअर. बाकीचे ८ अँपिअर बॅटरी देते, आणि हळू वेगात डायनॅमो २२ सुद्धा देत नाही. मध्यरात्रीनंतर दिवे पिवळे पडायला लागतात ते यामुळे. त्या जागी ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला.

अल्टरनेटरसाठी गाडी पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्ह अर्थवर आणावी लागते, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बॅटरीच्या धन टोकाऐवजी ऋण टोक जोडायचं. बॅटरीच्या तारा आणि इग्निशन कॉइलच्या तारा उलटवायच्या हे सगळ्यांच्या लक्षात असतं. विसरतो तो टॅकोमीटर, इंजिनाचे फेरे दाखवणारा. त्या वर्षीचा टॅको इलेक्ट्रॉनिक आहे. त्याची आतली जोडणी बदलल्याशिवाय चावी फिरवली तर तो मरतो. दोन बॅटऱ्यांऐवजी एका पेटीत १२ व्होल्टची एकच बॅटरी. मूळ गाडीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइटला एकही नाही. हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. मीटर लावला तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि दिव्यावर ११ सुद्धा नाहीत. दोन रिले (मोठा प्रवाह स्विचला वगळून थेट दिव्याकडे नेणारे), वेगळा फ्यूजबॉक्स आणि २.५ चौरस मिमीची वायर घातल्यावर तेच दिवे नवे वाटतात. नवी सगळी वायरिंग सिलच्या आतल्या कडेने, क्लिपांवर नेली. गालिच्याखालून तळावर वायर सोडायची नाही. खुर्चीचा रूळ तिला सावकाश कापतो.

इंजिनाबद्दल थोडक्यातच. १७९८ सीसीचं हे बीएमसी बी-सिरीज इंजिन मराठी वाचकाला परकं नाही; त्याचाच १४८९ सीसीचा भाऊ आपल्याकडे अॅम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षं होता, आणि ज्याने अॅम्बॅसडरचे टॅपेट लावलेत त्याला इथे नवं काही शिकावं लागत नाही. टॅपेट थंड इंजिनावर ०.३८ मिमी, पॉइंटची फट ०.३५ ते ०.४०, प्लगची ०.६४. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत असेल तर हेड उघडायची खाज आवरावी. अपवाद एकच: हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलला चालणाऱ्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का ते बिलांत शोधायचं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात, आतून सोलतात, आणि ते तुकडे एसयू कार्बुरेटरच्या निडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ दर्जाचे घातले. डिस्ट्रिब्युटरचा रोटर मात्र नवा आहे म्हणून चांगला असं समजू नये. बाजारातले कित्येक नवे रोटर गरम झाल्यावर आतल्या रिव्हेटमधून करंट गळतात. चाललेला, तपासलेला रोटर डिकीत जपून ठेवावा.

पेट्रोलचा पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, थेट चिखलाच्या माऱ्यात असतो. त्याचे पॉइंट चिकटले की गाडी बंद, आणि हातोडीच्या दांड्याचा एक टोला दिला की चालू. हा उपाय मजेशीर आहे, पण पहाटे तीन वाजता पावसात गाडीखाली शिरून नाही. दुसरा पंप समांतर जोडला, डॅशबोर्डवर स्विच दिला.

खाली इंजिनाच्या पोटाला अॅल्युमिनियमचा ५ मिमी जाड सम्प गार्ड. तेल सोडायच्या बोल्टासमोर भोक हवंच, नाहीतर दर वेळी गार्ड उतरवा. मागच्या अॅक्सलला खाली लोंबू न देणारे कॅनव्हास-रबरी पट्टे असतात, ते भेगाळलेले असतील तर बदलायचे. तुटले की उडीनंतर सगळा झटका लिव्हर-आर्म शॉकॉब्सरवर येतो. पुढच्या सस्पेन्शनच्या विशबोन दांड्यांना एमजीबी व्ही-८ चे धातूच्या नळीचे रबरी बुश. पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं त्या किंगपिनला ग्रीस देताना चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, नाहीतर ग्रीस जिथे भार आहे नेमकं तिथेच पोचत नाही. तारांची चाकं काढून पोलादी चाकं लावली, कारण खडबडीत रस्त्यावर तारा ढिल्या होतात आणि त्या रोज वाजवून बघायला रॅलीत कुणाला वेळ नसतो. नट ६० ते ६५ फूट-पौंडांनी. आणि सगळे पाने इंची: ७/१६, १/२, ९/१६. मेट्रिक पान्याने "जवळजवळ बसतं" म्हणून केलेलं प्रत्येक काम नटाची कड गोल करून ठेवतं.

टायर १६५ आर १४ चे. नॅव्हिगेटरच्या ट्रिपमीटरला, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्राला, टायरच्या घेराशी थेट नातं आहे, म्हणून रॅलीआधी नवे टायर घालायचे असतील तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजलेल्या अंतरावर हे यंत्र जुळवून घेण्याच्या, आधी. घेर साधारण १.९५ मीटर. रबर २ मिमी झिजलं की घेर साडेबारा मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे ०.६५ टक्के. दहा मैलांच्या टप्प्यात ही चूक ०.०६५ मैल होते. ताशी ३० मैलांच्या गतीला ते जवळजवळ आठ सेकंद. दंडाच्या हिशोबात आठ सेकंद म्हणजे दिवसभराची मेहनत वाया. हवा थंड टायरवर बघायची आणि मोजलेलं अंतर टायर गरम झाल्यावर दोनदा चालवायचं.

आता परत आत. बी-सिरीजचा कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत भाजतात ते नॅव्हिगेटरचे पाय. फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यातला पत्रा) आणि बोगद्याच्या डाव्या अंगाला अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेला, पाणी न पिणारा फोम चिकटवला. जुन्या पद्धतीची नमद्याची शीट घालू नये. ती ऊब देते, पण एकदा भिजली की उन्हाळ्यापर्यंत ओली राहते आणि खालचा पत्रा खाते. गोंद उष्णता सोसणारा हवा. साधा काँटॅक्ट अॅडेसिव्ह बोगद्यावर तासाभरात मऊ होतो आणि गालिचा पेडलवर घसरतो. ही केवळ दिसण्याची गोष्ट राहत नाही.

गालिचा बोगद्यावर आणि सिलवर चिकटवला. तळावर मात्र रबरी मॅट, चार दाबबटणांवर. नियंत्रण चौकीवर नॅव्हिगेटर चिखलाचे बूट घेऊन दहादा चढतो. मॅट उचलायची, झटकायची, खाली ओल आहे का हात फिरवून बघायचं. बोगद्यावरच्या गालिच्यात एक झाकण ठेवायला विसरू नये: या गिअरबॉक्सची डिपस्टिक रबरी बुचाखाली, गालिच्याच्याही खाली असते. अख्खा गालिचा चिकटवून टाकला की तेल बघणंच बंद होतं. गिअरबॉक्स आणि त्यामागच्या ओव्हरड्राइव्हचं (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) तेल एकच, इंजिनाचंच २०डब्ल्यू-५०. दुकानदाराने गिअर ऑइल पुढे केलं तरी घेऊ नये.

दारांची मूळ पॅनेल पुठ्ठ्याची, ओलाव्याने फुगणारी. त्यांच्या जागी ३ मिमी प्लायवूड, कडांना वॉर्निश, मागे प्लास्टिकचा पडदा, वर खुर्च्यांचंच रेक्झिन आणि नॅव्हिगेटरच्या बाजूला नकाशांसाठी इलॅस्टिकचा खिसा. त्याच्या पायांना टेकायला जाळीदार अॅल्युमिनियमची तिरकी पाटी. चालकाला पेडल असतात. याला काहीच नसतं, आणि ब्रेक लागला की तो पाठ सोडून पुढे येतो. अग्निशामक दोघांच्या हाताला येईल असा, धातूच्या पट्ट्याने, बोल्टवर. प्लास्टिकच्या क्लिपेत नव्हे.

खुर्च्या बसवायच्या आदल्या दिवशी पाण्याची परीक्षा. एक जण बाहेरून पाइपने पाणी मारतो, दुसरा आत टॉर्च घेऊन बसतो. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची रेघ लगेच दिसते. पहिला संशय काचेच्या रबरावर जातो. एमजीबीत बहुतेकदा दोषी असते ती हीटरच्या हवेच्या पेटीखालची निचरा-नळी. तिच्यात पाल्याचा गाळ बसतो, पेटी भरते आणि पाणी बोगद्यावरून दोघांच्या पायांत उतरतं. पेट्रोलच्या वासावर लक्ष ठेवतात तसं या नळीवर ठेवावं. दर शरद ऋतूत तारेने साफ करायची.

त्यानंतर खुर्च्या, पट्टे, ट्रिपमीटर, आणि दोनशे मैलांची चाचणी, निम्मी रात्री. परत आल्यावर खुर्च्यांचे आणि रोल बारचे बोल्ट पुन्हा पान्याने ताणले. खुर्च्यांच्या आठांपैकी तीन पाव फेरा फिरले, कारण प्लेटखालचा नवा रंग दबला होता. चालकाच्या खुर्चीच्या डाव्या उंचवट्यावर, पट्ट्याचं बक्कल घासतं तिथे, रेक्झिनवर पांढरी रेघ उमटली होती. तिथे दुहेरी तुकडा शिवायला खुर्ची परत टेबलावर घेतली.